साठवलेला पैसा पुरेल का? एका भागाकाराचं काम

निवृत्तीनंतर साठ लाख पुरतात का, या प्रश्नाला उत्तर नाही. साठ लाख कोणाला, किती खर्चाला आणि किती वर्षं, एवढं कळलं की उत्तर एका भागाकारात मिळतं. त्यासाठी तीन आकडे लागतात: वर्षाचा खरा खर्च, बिनघोर येणारं उत्पन्न आणि मोडता येण्यासारखी पुंजी. तिन्ही आकडे काढायला दोन रविवार पुरतात. अडचण अशी की तिन्हींत माणूस स्वतःलाच फसवतो, आणि प्रत्येकात वेगळ्या पद्धतीने.

खर्चाचा आकडा

महिन्याला किती लागतात असं विचारलं की माणूस किराणा, दूध, भाजीपाला, गॅस, वीज, औषधं, पेट्रोल आणि मोबाईल धरून सांगतो, १९ हजार. पण खान्देशातल्या घराचा खर्च महिन्यावर कमी आणि हंगामावर जास्त चालतो. उन्हाळ्यात वर्षाचा गहू, तूरडाळ, लाल मिरची, मसाला, पापड-कुरडया-बिबड्यांचं सामान, असे २० हजार एकदम जातात. अखजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येते, मग दिवाळी, नातवंडांचे कपडे: २८ हजार. लग्नसराईतले आहेर आणि मानपान: १८ हजार. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की कूलरने भागत नाही, तेव्हा उन्हाळी विजेची वाढ ९ हजार. घरपट्टी-पाणीपट्टी ७ हजार, दोघांचा आरोग्य विमा ४० हजार, कानबाईचे रोट, कुलदैवत आणि इतर प्रवास १४ हजार, घराची डागडुजी आणि गाडी १६ हजार. ही बेरीज झाली १ लाख ५२ हजार. महिन्याचे १९ हजार गुणिले १२ म्हणजे २ लाख २८ हजार. एकूण ३ लाख ८० हजार. म्हणजे १९ हजारांत चालणारं घर प्रत्यक्षात महिन्याला साडेएकतीस हजारांच्या वर खातं.

हे आकडे अमळनेर-चोपड्यासारख्या गावात स्वतःच्या घरात राहणाऱ्या जोडप्याचं उदाहरण म्हणून धरले आहेत. तुमचे वेगळे असतील, पण महिन्याचा अंदाज आणि वर्षाचा खर्च यांतली दरी बहुधा अशीच निघेल.

आठवून लिहिलेला खर्च हमखास कमी भरतो, म्हणून पासबुकाने ताळा करा. मागच्या एक एप्रिलची शिल्लक, अधिक वर्षभरात जमा झालेले पैसे, वजा ३१ मार्चची शिल्लक. जे उरलं ते खात्यातून बाहेर गेलं. त्यातून नव्या मुदत ठेवी आणि स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात वळवलेले पैसे काढा. बँकेत न टाकता परस्पर खर्च झालेली रोकड त्यात मिळवा: कापसाचे हातात आलेले पैसे, खोलीचं भाडं. इथे नेहमी एकच चूक होते. मोडलेली ठेव खात्यात जमा होते आणि पुन्हा नवी ठेव होते. यातली एकच बाजू धरली की खर्च दोन-चार लाखांनी फुगतो किंवा आटतो. दोन्ही बाजू धरा किंवा दोन्ही सोडा.

पासबुकाचा आकडा आणि कागदावरचा आकडा यांत फरक आला, तर मोठा तो खरा माना.

उत्पन्नाचा आकडा

भुसावळचे रेल्वेतले, जिल्हा परिषदेचे जुने शिक्षक, सरकारी कर्मचारी यांची पेन्शन महागाई भत्त्यासह वाढत जाते. त्यांचा भागाकार सोपा आहे, पण एक गोष्ट त्यांच्याही लक्षात येत नाही. पेन्शन साधारण शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के असते, तर कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के. निवृत्तीनंतर लवकर मृत्यू झाला तर जोडीदाराला वाढीव दराने मिळतं, पण केंद्राच्या नियमात सात वर्षं किंवा गेलेल्या माणसाच्या वयाची ६७ वर्षं, यांतलं जे आधी संपेल तोपर्यंतच. एकटीचा खर्च काही निम्म्यावर येत नाही. विजेचं मीटर, घरपट्टी आणि दवाखाना तेच राहतात. तेव्हा दोन हिशेब करा: दोघं असताना आणि एकटी मागे राहिल्यावर.

एमआयडीसीतल्या कारखान्यातून किंवा डाळ मिलमधून निवृत्त झालेल्यांना ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळते. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७० हे तिचं सूत्र. पेन्शनपात्र पगाराला १५ हजारांची मर्यादा असल्याने पगार कितीही असला तरी पेन्शन बहुतेकांची साडेसात हजारांच्या आतच राहते. शिवाय ती महागाईबरोबर वाढत नाही. आज ४ हजार, तर वीस वर्षांनीही ४ हजार धरून चला.

शेतीचं उत्पन्न मोजताना गेल्या पाच वर्षांतलं सर्वांत वाईट वर्ष घ्या. केळी काढणीला आली असताना मे-जूनच्या वादळात बाग आडवी होते, हे रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको. जमीन उक्ती (ठरलेल्या रकमेवर) दिली असेल तर कागदावर लिहिलेली रक्कम न धरता पाच वर्षांत प्रत्यक्ष हातात आलेली सर्वांत कमी रक्कम धरा. बटाई (पिकाच्या वाट्यावर) असेल तर बियाणं-खताचा आपला वाटा आधी वजा करा. मुलगा दरमहा पाठवतो ते पैसे या यादीत मुळीच घेऊ नका. तो पाठवत राहिला तर आनंदच आहे.

आपल्या उदाहरणात पेन्शनचे वर्षाला ४८ हजार आणि शेतीचे ३२ हजार. खर्च ३ लाख ८० हजार, उत्पन्न ८० हजार. तूट ३ लाख. पुढचं सगळं गणित या तुटीवर आहे.

पुंजीचा आकडा

ज्याचे पैसे तीन महिन्यांत खात्यात आणता येतील तेवढीच पुंजी. राहतं घर यात नाही. अंगावरचं सोनं नाही. जळगावच्या सराफ बाजाराजवळ राहणाऱ्यांना सोनं म्हणजे बँकच वाटते, पण स्वतःला विचारा, यातलं खरोखर विकाल किती तोळे? तेवढेच धरा, तेही घट आणि घडणावळ सोडून, नुसत्या वजनाच्या भावाने. नात्यात दिलेले हातउसने शून्य धरा.

गावाबाहेर घेऊन ठेवलेला प्लॉट हा वादाचा मुद्दा. त्याला भाडं नाही, व्याज नाही, कुंपण आणि कर मात्र आहे, आणि पैशाची निकड लागते तेव्हाच गिऱ्हाईक मिळत नाही. आमच्या मते निवृत्तीच्या वेळी राहत्या घराखेरीज दुसरा प्लॉट असेल तर तो घाई नसताना, चांगलं गिऱ्हाईक पाहून विकून टाकावा. 'राहू दे, नातवाला होईल' म्हणून ठेवायचा असेल तर बेशक ठेवा, फक्त तो पुंजीत मोजू नका.

पतसंस्थेतली ठेव. बँकेतल्या ठेवीला, मग ती सरकारी असो, नागरी सहकारी किंवा जिल्हा मध्यवर्ती, एका ठेवीदाराला एका बँकेत व्याज धरून ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा लागू आहे. पतसंस्थेला हे संरक्षण नाही, नावात मल्टिस्टेट असलं तरी नाही. अडकलेल्या ठेवीमागे हेलपाटे घालणं म्हणजे काय, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, तरी दीड टक्का जादा व्याजापायी लोक पुन्हा तिथेच जातात. ५ लाखांवर दीड टक्का म्हणजे वर्षाला साडेसात हजार. तेवढ्यासाठी पाच लाख पणाला लावावेत का, हे ठरवा. आधीच अडकलेली रक्कम पुंजीत शून्य.

एवढं सगळं वगळून उदाहरणातल्या जोडप्याकडे पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ठेवी मिळून ६५ लाख निघतात. त्यातले ५ लाख दवाखान्याचे म्हणून बाजूला. उरले ६० लाख.

आता भागाकार

६० लाख भागिले ३ लाख, बरोबर २०. व्याज आणि महागाई सारख्याच वेगाने चालली तर पैसा वीस वर्षं पुरेल, एवढाच त्याचा अर्थ. व्याज ७ टक्के आणि महागाई ६ टक्के धरली, तर २२ वर्षं. चक्रवाढ व्याज आणि चक्रवाढ महागाई एकमेकांना कापतात आणि हातात एवढीच वाढ उरते. '७ टक्के मिळतात की' म्हणणाऱ्याने हे नीट पाहावं.

पुरायला किती वर्षं हवीत? दोघांपैकी लहान असेल त्याच्या वयावरून मोजा. नवरा ६० चा, बायको ५७ ची असेल तर तिच्या नव्वदीपर्यंत ३३ वर्षं. नवऱ्याच्या वयावरून मोजणं ही यातली सर्वांत महाग चूक आहे, कारण पैसा संपतो तेव्हा बहुधा तीच मागे राहिलेली असते.

३३ हवीत आणि आहेत २०. भागाकार उरलेल्या वर्षांएवढा असेल तर निर्धास्त. चार-पाचने कमी असेल तर नीट गुंतवणुकीने भरून निघतो. दहा किंवा जास्तने कमी असेल तर याच वर्षी हातपाय हलवायचे, कारण साठीत केलेली दुरुस्ती स्वस्त पडते आणि पंच्याहत्तरीत ती करायला काही उरत नाही.

इथे काय करता येईल? प्लॉट विकून १२ लाख आले तर पुंजी ७२ लाख. तूट महिन्याला ३ हजारांनी कमी केली, पुढची खोली भाड्याने देऊन, दोन गाड्यांपैकी एक काढून किंवा आहेराचा हात थोडा आखडून, तर ती २ लाख ६४ हजारांवर येते. ७२ भागिले २.६४ म्हणजे २७. महागाईपेक्षा एक टक्का जास्त व्याज मिळालं की ३१ वर्षं, दोन टक्के मिळालं की ३७. दोन साध्या बदलांनी गाडी रुळावर आली. प्लॉट नसेल तर दोन वर्षं जास्त काम करणं हा सर्वांत जोरदार उपाय आहे: तेवढी दोन वर्षं पुंजी मोडावी लागत नाही आणि वर भरही पडते.

अमेरिकेत विल्यम बेंगन या सल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेला ४ टक्क्यांचा नियम इकडेही सर्रास सांगितला जातो: पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवा, ३० वर्षं पुरेल. तो तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावर बेतलेला आहे आणि त्यात निम्मी किंवा जास्त पुंजी शेअरमध्ये धरलेली आहे. ज्याचा सगळा पैसा मुदत ठेवीत आहे त्याने साडेतीन टक्क्यांच्या आत राहावं. २७ चा भागाकार म्हणजे ३.७ टक्के, सगळं ठेवीत ठेवलं तर हे काठावरचं आहे.

पैसा कुठे ठेवायचा

पोस्टाची किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना हा पाया. एका माणसाला ३० लाखांपर्यंत, मुदत पाच वर्षं, पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला, तोच इथे धरला आहे. दर तिमाहीला जाहीर होतो, पण तुम्ही भरलेल्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला. हे व्याज बचत खात्यात आपोआप जमा होण्याची सूचना खातं उघडतानाच द्या. ते न उचलता पडून राहिलं तर त्यावर वेगळं व्याज मिळत नाही. मुदतीआधी मोडली तर पहिल्या वर्षात दिलेलं व्याज परत घेतात, दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यापुढे एक टक्का मुद्दलातून कापतात.

पोस्टाची मासिक उत्पन्न योजना: एकट्याच्या नावावर ९ लाख, दोघांच्या १५ लाख. ७.४ टक्क्यांनी ९ लाखांवर महिन्याला ५,५५०.

दोन्ही मिळून वर्षाचे ३ लाख १२ हजार ६००. तूट २ लाख ६४ हजार. वरचे ४८ हजार उरतात, आणि इथेच बहुतेक घरं गाफील होतात. व्याज तेवढंच राहतं, तूट ६ टक्क्यांनी वाढते, आणि चौथ्याच वर्षी ती ३ लाख १४ हजार होऊन व्याजाच्या पुढे जाते. बाराव्या वर्षानंतर ती दुप्पट झालेली असते. म्हणून सुरुवातीचे उरलेले ४८ हजार खर्चात न मुरवता आवर्ती ठेवीत टाकायचे, आणि उरलेल्या ३३ लाखांना पहिली काही वर्षं हात लावायचा नाही.

त्या ३३ लाखांची वाटणी: ३ लाख बचत खात्यात किंवा लगेच मोडता येणाऱ्या ठेवीत, म्हणजे एका वर्षाची तूट हाताशी. १५ लाख मुदत ठेवींत, पण एकाच पावतीत नको. तीन-तीन लाखांच्या पाच, एक ते पाच वर्षांच्या, म्हणजे दर वर्षी एक पावती पिकते. नवऱ्याच्या एकट्याच्या आणि बायकोच्या एकटीच्या नावावर वेगवेगळं विमा संरक्षण मिळतं, तेव्हा पावत्या विभागा. उरलेले १५ लाख इंडेक्स (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या) किंवा हायब्रीड (शेअर आणि रोखे मिसळलेल्या) म्युच्युअल फंडात, दहा वर्षांनंतरच्या खर्चासाठी.

या शेवटच्या १५ लाखांची भीती वाटणं रास्त आहे. सेन्सेक्स २००८ मध्ये निम्म्याहून खाली गेला होता, आणि २०२० मध्ये जानेवारी ते मार्च या दोन महिन्यांत सुमारे ३८ टक्के पडला होता. पडलेल्या वर्षी फंड विकून किराणा भरला तर तो खड्डा भरून निघत नाही. वर्षाची तूट आणि पिकणाऱ्या पाच पावत्या असल्यामुळे तशी वेळ येत नाही, त्याचसाठी त्या आहेत. बाजार चढलेला असेल त्या वर्षी थोडं विकून पिकलेल्या पावतीच्या जागी नवी करायची. पडलेला असेल तर हात लावायचा नाही. एवढं करूनही १५ चे १० झालेले पाहून झोप उडणार असेल, तर फंड सोडा, पण मग तूट आणखी कमी करावी लागेल हे मान्य करा.

व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म, आजवर १५ एच नावाने ओळखला जाणारा, दर एप्रिलमध्ये प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगळा द्यावा लागतो. एकाच ठिकाणी दिला आणि दुसरीकडे कर कापला गेला, तर विवरणपत्र भरून परतावा मागायचा.

कुठे भगदाड पडतं

दवाखान्यात सर्वांत मोठं. जळगाव-धुळ्यात होत नाही म्हणून नाशिक, मुंबई किंवा सुरतला न्यायची वेळ येते, तेव्हा बिलाबरोबर गाडी, सोबतच्या माणसांचं राहणं-खाणंही येतं. बाजूला ठेवलेले ५ लाख त्यासाठी आहेत. सत्तरी पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत ५ लाखांचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आहे. कार्ड आजारी पडण्याआधी काढून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कोणतं रुग्णालय आणि कोणती शस्त्रक्रिया बसते हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे) विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही. सत्तरीच्या आत असाल तर खासगी विमा सोडू नका, हप्ता कितीही बोचला तरी.

जामीनकी. साठीनंतर भाच्याच्या ट्रॅक्टरला किंवा शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नका. 'नुसती सही तर करायची' म्हणून केलेली सही पुंजीतून वजा होते.

राहतं घर किंवा शेत हयातीत मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून देणं टाळा, मृत्युपत्र करा. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. द्यायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अट मोडल्यास दस्त रद्द करून मागता येतो. अट लिहिलेलीच नसेल तर मात्र भांडण फार अवघड होतं.

पेन्शनची विक्री करताना ४० टक्के विकून मोठी रक्कम घेतली, तर सरकारी पेन्शन पंधरा वर्षांनी पूर्ववत होते. तोवर महिन्याची पेन्शन कमी हातात येते, तेव्हा उत्पन्नाच्या आकड्यात ती कमी झालेलीच धरा.

दर वर्षीचा ताळा

अखजीच्या आसपासचा आठवडा यासाठी ठरवून टाका. वर्षाचा गहू भरून झालेला असतो, बँकेची व्याज प्रमाणपत्रं आलेली असतात, पासबुकं ३१ मार्चपर्यंत भरून घेता येतात. एका पानावर त्या दिवशीची पुंजी, मागच्या वर्षाची तूट आणि लहान जोडीदाराच्या नव्वदीला उरलेली वर्षं लिहा. पुंजी भागिले उरलेली वर्षं, एवढीच रक्कम त्या वर्षी मोडायची. ७० लाख उरलेत आणि ३२ वर्षं आहेत, तर २ लाख १८ हजार. तूट त्याहून थोडी जास्त असली तर मागच्या पानाशी ताडून पाहा; सलग दोन वर्षं भागाकार एकाहून जास्तने घसरला असेल तर आहेर, प्रवास आणि गाडी यांपैकी काहीतरी कापायचं. घसरला नसेल तर तीर्थयात्रेला बिनधास्त जा. पंचाहत्तरी पूर्ण झाली असेल तर एसटीचं तिकीटही लागत नाही.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला, ८० वर्षांपुढच्यांना केंद्राच्या पेन्शनसाठी ऑक्टोबरपासूनच. मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. त्यासाठी फोन करून ओटीपी मागणारा माणूस चोर समजा.

त्याच पानाच्या मागच्या बाजूला सगळ्या खात्यांचे, पावत्यांचे आणि पॉलिसींचे नंबर, वारसाचं नाव आणि कागद कोणत्या कपाटात आहेत ते लिहा. बँकेतली खाती आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहिलेल्याला चालवता येतील अशी, करून घ्या. हे पान घरातल्या बाईच्या हाताने लिहून घ्यावं, भागाकारासह. आणि ती साठ वर्षांची होईल त्या महिन्यात पिकणारी एखादी पावती मोडून तिच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत खातं उघडा. तिला स्वतःची ३० लाखांची वेगळी मर्यादा आहे.